पाहुणा हे जोडपीक, शेती हे मुख्य पीक

शेतकऱ्याच्या उत्पन्नास जोड देणारा कोणताही धंदा सुचविताना प्रथम एक प्रश्न विचारला जावा. तो धंदा शेतीस पोषक आहे, की शेतीच्या जागी येऊन बसणारा आहे? दुभते जनावर शेताला खत देते आणि शेतातील वैरणीवर जगते. म्हणून तो खरा जोडधंदा होय. बांधावरची तूर भाताच्या खाचराला न खाता घराला डाळ पुरविते. म्हणून ते खरे जोडपीक होय. महाड व पोलादपूर या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत पर्यटकांचा ओघ वाढत चालला आहे. या ओघाकडेही गावकऱ्यांनी आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याच कसोटीने पाहणे अगत्याचे आहे.

प्रदेशाचे वैभव

पाहण्याजोगे म्हणून जे काही असते, त्याचा या दोन तालुक्यांत तुटवडा नाही. ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक जेथे झाला, तो दुर्ग रायगड महाड तालुक्यात आहे. चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढून अथवा १९९६ पासून सुरू असलेल्या रज्जुमार्गाने लोक गडावर जातात. पायथ्याच्या पाचाड गावी राजमाता जिजाबाईंची समाधी आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा स्थळांच्या यादीत केला. त्या बारांत रायगड आहे, आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले की लागणारा प्रतापगडही आहे. महाड शहरातील चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले, आणि त्या दिवसापासून हे तळे साऱ्या देशाचे झाले.

याखेरीज शहराजवळच गांधारपाले येथे सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत व सावित्रीच्या पलीकडे कोल येथेही लेणी आहेत. सव येथे उष्ण पाण्याचे झरे आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना जेथे केली असे भाविक मानतात, ती शिवथरघळ वरंध घाटाच्या कुशीत आहे. पोलादपूर तालुक्यात नरवीर तानाजी मालुसरे यांचे उमरठ आहे, ढवळे गावाच्या माथ्यावर चंद्रगड आहे, आणि त्याच डोंगररांगांत कांगोरी ऊर्फ मंगळगड आहे. वाळण येथे काळ नदीच्या खोल कोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने मासे राखलेले आहेत. तेथे कोणी जाळे टाकीत नाही. कायद्याचे पुस्तक हाती नसतानाही गाव आपली नैसर्गिक संपत्ती राखू शकते, याचा हा जुना दाखला आहे.

पैसा येतो, पण थांबतो कोठे?

इतके सर्व असूनही पर्यटकाचा पैसा गावात किती थांबतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. शहरातून आलेला मनुष्य सकाळी मोटारीने गडाच्या पायथ्याशी येतो, बाटलीबंद पाणी व पुड्यातील खाऊ घेतो, गड पाहतो आणि सायंकाळी परत जातो. बाटली बाहेरची, खाऊ बाहेरचा. गावात मागे राहतो तो रिकामा पुडा. हाच पाहुणा गावातील घरी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले आणि ताक घेऊन जेवला, तर तांदूळ, कडधान्य, दूध व सरपण या चारही वस्तूंचे मोल गावातच फिरते. गावातीलच एखाद्या जाणकाराने त्याला वाट दाखविली, तर त्या दिवसाची मजुरीही गावातच राहते. किती पर्यटक आले यावर गावाचा लाभ ठरत नाही. आलेल्या प्रत्येक रुपयाने किती घरांतून फेरी मारली, यावर तो ठरतो.

रायगडावरील हिरकणी बुरुजाची आख्यायिका या भागात लहान मुलांनाही ठाऊक आहे. गडाखालच्या वाडीतील ही गवळण गडावर दूध विकण्यास जात असे. एके सायंकाळी दरवाजे बंद झाले, तेव्हा घरी तान्हे मूल आहे या ओढीने ती उभा कडा उतरून गेली. कथेतील शौर्याचे कौतुक सर्वच करतात. पण तिच्यात एक व्यवहारही आहे. गडावरच्या गिऱ्हाइकाला दूध विकावे, परंतु जीव घरात ठेवावा. पर्यटनाच्या बाबतीत गावाने हीच रीत पाळणे हितावह आहे.

जमीन विकण्याचा मोह

दुसरी वाट अधिक सोपी दिसते. डोंगराच्या उतारावरील वरकस जमीन शहरातील गिऱ्हाइकाला विकावी, त्याने तेथे बंगला वा विश्रामगृह बांधावे आणि गावाला रोजगार मिळावा, असे काही लोक सुचवितात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरविता येणार नाही. खाचरे लहान व विखुरलेली आहेत. रानडुकरे व वानरे पिकांची नासाडी करतात. लावणीला माणसे मिळत नाहीत, कारण घरटी एक-दोन तरुण मुंबईस आहेत आणि ते गणपतीला व शिमग्याला तेवढे येतात. ज्या जमिनीतून वर्षाचे तांदूळही निघत नाहीत, ती विकून एकरकमी पैसा घ्यावा असे शेतकऱ्यास वाटले, तर त्यात त्याचा दोष मानू नये.

तथापि दोन गोष्टींचा विचार व्हावा. पहिली गोष्ट अशी की, विकलेली जमीन एकदाच उत्पन्न देते. नंतर त्याच जमिनीवर मूळ मालकाच्या मुलाला बहुधा रखवालदाराचे काम मिळते, आणि तेही मालकाच्या मर्जीवर. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पाहुणा येथे येतो तो हिरवी खाचरे, खळ्यावरचे उडवे, राखलेली राई आणि वाहता पऱ्या पाहण्यासाठी. शेती पडीक झाली आणि उतारावर भिंती उभ्या राहिल्या, तर त्याला येथे येण्याचे कारणच उरणार नाही. शेती मोडून उभारलेले पर्यटन अखेरीस स्वतःलाही मोडते.

इटलीतील एक नियम

या बाबतीत इटली देशाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या देशात टस्कनी, उंब्रिया इत्यादी प्रांतांत टेकड्यांच्या माथ्यावर वसलेली लहान लहान जुनी गावे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुण शहरांतील कारखान्यांकडे गेले, घरे ओस पडली आणि ऑलिव्ह व द्राक्षांच्या बागा म्हाताऱ्यांच्या हाती राहिल्या. कोकणातील वाचकास हे वर्णन परके वाटणार नाही. पुढे शहरातील लोक सुट्टीत या गावांकडे येऊ लागले. जुन्या देवळांची चित्रे पाहावीत, टेकड्यांतून पायी भटकावे आणि शेतकऱ्याच्या घरी उतरावे, अशी प्रथा पडली.

इटलीच्या शासनाने १९८५ मध्ये या प्रथेसाठी स्वतंत्र कायदा केला व २००६ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यातील मुख्य तत्त्व अत्यंत साधे आहे. शेतघरी पाहुणे ठेवण्याचा हा धंदा शेती करणाऱ्यानेच करावा. शेती हा त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा त्याला पूरक असावा. पाहुण्याच्या ताटात शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाचा भरीव वाटा असावा, अशीही अट आहे. नुसता बंगला बांधून त्यावर शेतीची पाटी लावणाऱ्यास हे नाव धारण करता येत नाही.

महाराष्ट्र शासनानेही २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होते. नोंदणी अवश्य करावी. परंतु केवळ कागदावर नोंद झाल्याने हेतू साधत नाही. मुख्य पीक कोणते आणि जोडपीक कोणते, हा विवेक प्रत्येक गावाने स्वतःच राखावयाचा आहे.

पंचांग शेताचे असावे

हा विवेक व्यवहारात आणण्याचा पहिला उपाय म्हणजे पाहुण्यांचे वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकावरून ठरविणे. आज बहुसंख्य पर्यटक जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांसाठी येतात. नेमके तेच दिवस लावणीचे असतात. घरातील बाई चिखलात उभी असताना तिने पाहुण्यांचा स्वयंपाकही करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. लावणी एक-दोन आठवडे लांबली तर रोपाचे वय वाढते, फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. दोन दिवसांच्या पाहुणचारासाठी वर्षाच्या भाताला ही किंमत मोजू नये.

याउलट कापणी व मळणी आटोपल्यानंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, घरास थोडी उसंत असते. हवा कोरडी व थंड असते, डोंगरवाटा सुकलेल्या असतात आणि गड चढण्यास हाच उत्तम काळ होय. भाताच्या ओलीवर पेरलेला वाल जानेवारीत शेंगांवर येतो. त्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासह भरून शेतातच भाजण्याची पोपटी ही रायगड जिल्ह्याची खास रीत आहे. शहरातील पाहुण्यास तिचे मोठे अप्रूप वाटते, आणि तिला लागतो तो केवळ स्वतःच्या शेतातील माल. चंद्रगडाची पायपीट, गांधारपाले येथील लेणी, उमरठचे दर्शन आणि रात्री शेतात पोपटी, एवढा दोन दिवसांचा कार्यक्रम कोणतेही नवे बांधकाम न करता आखता येतो.

मार्च महिन्यात चवदार तळ्यास आणि जूनच्या आरंभी रायगडास मोठा जनसमुदाय येतो. या दिवसांत मुक्कामाची सोय करण्यापेक्षा स्वच्छ पाणी, ताक, कोकम सरबत व भाकरी यांची विक्री महिला बचत गटांनी करणे अधिक सोयीचे होईल. मात्र एप्रिल-मे महिन्यांविषयी सावध राहणे आवश्यक आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, ही वस्तुस्थिती आहे. जेथे गावाच्या बायका हंड्यासाठी रांग लावतात, तेथे पाहुण्याच्या स्नानासाठी पाणी उपसणे शोभत नाही. ज्या वाडीची विहीर मे अखेरपर्यंत पुरत नाही, तिने त्या दोन महिन्यांत मुक्कामी पाहुणे घेऊ नयेत, हेच योग्य. आधी बंधारे, शेततळी व झऱ्यांची निगा, नंतर पाहुणे.

उताराचा इशारा

या तालुक्यांत डोंगर आणि नदी यांनी फार मोठी किंमत वसूल केली आहे. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात महाडजवळील सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेली वाहनेही गेली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात सहलीची बस दरीत कोसळून तीस जण दगावले. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही असेच संकट ओढवले. सावित्री जेथे उगम पावते त्या महाबळेश्वरी तेव्हा चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला होता.

अशा अतिवृष्टीपुढे माणसाचे फारसे चालत नाही, हे खरे. म्हणूनच जेथे निसर्गाचाच धोका इतका आहे, तेथे माणसाने आपल्या हाताने त्यात भर घालू नये. उताराचा पायथा खणून सपाटी केली, की वरच्या मातीचा आधार जातो. पऱ्यात भराव टाकला, की पाणी नवी वाट शोधीत मातीत मुरते. झाडे तोडली, की मुळांनी धरलेला थर मोकळा होतो. पाहुण्यांसाठी खोली बांधावयाचीच असेल, तर ती गावठाणातील जुन्या घराची पडवी वा माळा दुरुस्त करून करावी. उतार कापून नवी इमारत उभारण्यास ग्रामसभेने संमती देऊ नये.

जमिनीत नव्या भेगा पडणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, भिंतींना तडे जाऊन दारे अडकू लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा आटणे, ही दरडीची पूर्वलक्षणे होत. ती ओळखण्याचे शिक्षण प्रत्येक वाडीतील स्त्री-पुरुषांना मिळाले पाहिजे, आणि ती दिसताच वस्ती हलविण्यास विलंब होऊ नये. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी पाहुण्याला परत पाठविणे हाही पाहुणचारच होय. धबधब्याखाली, घाटाच्या कडेला अथवा शेवाळलेल्या गडवाटेवर त्याने जाऊ नये, असे त्याला स्पष्ट सांगावे. प्रशासनाची मनाई असेल तेथे पैशासाठी आडवाट दाखविणारा वाटाड्या गावाचे नाव बुडवितो.

लाभाची वाटणी

पर्यटनाचा लाभ रस्त्याकडेच्या दोन-चार घरांनाच मिळाला, तर गावात मत्सर वाढेल आणि पर्यटन टिकणार नाही. रानातील वाटा, रानभाज्या व औषधी झाडे यांचे ज्ञान कातकरी बांधवांकडे आहे. दूधदुभत्याचे ज्ञान डोंगरावरच्या धनगरवाड्यांकडे आहे. स्वयंपाकाचे कौशल्य घरोघरच्या स्त्रियांकडे आहे. या सर्वांचा मोबदला आधी ठरवून, रोख व वेळेवर दिला जावा. कातकऱ्याने वाट दाखवावी आणि पैसे दुसऱ्याने घ्यावेत, अशी व्यवस्था कोणाच्याही नजरेतून सुटू नये. ग्रामसभेने दरपत्रक ठरवून ते चावडीवर लावावे, वाटाड्यांची व घरांची पाळी बांधून द्यावी, आणि उत्पन्नाचा काही भाग कचरा उचलणे, शौचालये व पाणवठ्यांची निगा यांसाठी राखून ठेवावा.

याच ओघात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पाणी सर्वांचे आहे, हे ज्या तळ्याच्या काठी प्रत्यक्ष कृतीने सिद्ध झाले, ते तळे महाडचे आहे. त्या तालुक्यात पाहुण्याची जात विचारणारे घर असू नये, आणि विशिष्ट वाडीतील घरे पाहुण्यांच्या पाळीतून वगळणारी ग्रामसभाही असू नये. चवदार तळे पाहण्यास येणाऱ्या पाहुण्याला गावात पंगतीचा भेद दिसला, तर गावाने दाखविलेली बाकीची सारी स्थळे व्यर्थ होत.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पर्यटनाचा प्रचारक होण्याची घाई करू नये. प्रथम त्याने गावकऱ्यांसह बसून चार गोष्टींची नोंद करावी: विहिरी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतात, कोणते उतार धोक्याचे आहेत, कोणत्या आठवड्यांत शेतावर कामाची दाटी असते, आणि कोणती घरे स्वखुशीने पाहुणे घेण्यास तयार आहेत. ही नोंद झाल्यावर महिन्यास किती पाहुणे गावाला झेपतील, याचा अंदाज आपोआप येईल. तो आकडा लहान असला तरी त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पाच घरांनी हिवाळ्याचे चार महिने नीट केलेला पाहुणचार, पन्नास मोटारींच्या एका रविवारापेक्षा गावाला अधिक देऊन जातो.

दुसरे असे की, वर्षअखेरीस या घरांच्या शेतीची पाहणी करावी. पाहुण्यांच्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती झाली, कलमे लागली, वालाचे क्षेत्र वाढले, एखादी पडीक खाचर पुन्हा लावणीखाली आली, तर जोडधंदा योग्य वाटेवर आहे असे समजावे. उलट पाहुणे वाढले आणि खाचरे पडीक पडली, तर पाहुण्यांची संख्या कितीही मोठी असली तरी गाव तोट्यात आहे, हे निःसंकोचपणे ग्रामसभेपुढे मांडावे.

मुंबईस गेलेला तरुण केवळ पाहुण्यांना चहा देण्यासाठी गावी परत येणार नाही. शेत, बाग, दूध आणि पाहुणा या चारांची मिळून वर्षभराची मिळकत उभी राहिली, तर मात्र तो परत येण्याचा विचार करील. रायगड व चवदार तळे यांच्या रूपाने पूर्वजांनी या तालुक्यांना फार मोठा वारसा ठेवला आहे. तो पाहण्यास जग येईल. येणाऱ्यास पिकलेले शेत दाखविण्याचे काम मात्र आजच्या शेतकऱ्याचे आहे.